पेन्सिलची फुली

जावयानं सासऱ्यांची सही एकेचाळिसाव्यांदा केली आणि ती पुन्हा बिघडली. गाडी सरकारी कार्यालयाच्या आवारात उभी होती. त्याच्या मांडीवर चिकटपट्ट्यांचं बंडल होतं, वजनकाटा तपासून झाला की त्यावर लावतात त्या पट्ट्यांचं, आणि पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर सह्यांची रांग लागली होती. शेवटच्या अक्षराला सासरे असा काही झटका द्यायचे की रेघ मागे वळून थेट पहिल्या अक्षराला जाऊन शिवायची. जावयाची रेघ मात्र दर वेळी अर्ध्या वाटेत दमत होती.

सासरे समोरून येताना दिसले तसं त्यानं बंडल सीटखाली कोंबलं.

"फार गर्दी नाही आत," सासरे खिडकीशी वाकून म्हणाले. "आपला नंबर बावन्न आणि त्रेपन्न. खुर्च्याही चांगल्या आहेत. चला."

"आलोच, बाबा."

"चेहरा असा का झालाय, जावईबापू? पोट बरं आहे ना?"

पोट तीन आठवड्यांपासून बरं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ते पत्र आलं होतं. या देशात कंपनी चालवणाऱ्या प्रत्येक परदेशी नागरिकानं महिनाअखेरच्या आत स्वतः हजर राहून आपली डिजिटल ओळख नोंदवावी. न नोंदवल्यास कंपनी बंद आणि कंपनीच्या आधारावर दिलेला राहण्याचा परवानाही रद्द. इथपर्यंत ठीक होतं. पण खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: अर्जदाराची जुन्या नोंदींशी पडताळणी केली जाईल. ती वाचली आणि जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण जुन्या नोंदींत सगळा घोळ होता. अकरा वर्षांपूर्वी, दुकानांचे वजनकाटे तपासायची ही कंपनी काढताना, वकिलानं दोघांसमोर एकेक कागद सरकवला होता. इथली लिपी तेव्हा दोघांनाही येत नव्हती. वकील घाईत, हे दोघे आनंदात. दोघांनी आपापली झोकदार सही ठोकली, वकिलानं शिक्का मारला आणि त्याच सह्यांचे नमुने बँकेत, कर कार्यालयात, वजनमापं खात्यात, सगळीकडे गेले. सहा महिन्यांनी जावई इथली अक्षरं शिकला. हौसेनं फाइल काढून वाचायला बसला आणि बघतो तर काय, त्याच्या नावाखाली सासऱ्यांची सही आणि सासऱ्यांच्या नावाखाली त्याची! बाबांनी चुकीचा कागद उचलला होता आणि उरलेला निमूटपणे याच्या वाट्याला आला होता.

आता दुसरा कुणी भागीदार असता तर सरळ जाऊन म्हणाला असता, अहो, तुम्ही घोटाळा केलात, चला दुरुस्त करू. पण सासऱ्यांना कसं म्हणायचं? साठवलेला पैसा त्यांचा, हातातली विद्या त्यांची. काट्याला नुसतं बोट लावून तो किती ग्रॅम खोटं बोलतोय ते सांगणारा माणूस. मुलगी दिली, वर धंदा शिकवला. अशा माणसाला जावयानं तोंडावर चूक दाखवायची? छे! त्यापेक्षा त्यानं एक युक्ती काढली. जो कागद येईल त्यावर, आपल्या नावाखाली, पेन्सिलनं बारीकशी फुली करायची आणि कागद सासऱ्यांपुढे ठेवायचा. सासरे फुलीच्या जागी सही करायचे. हा त्यांच्या नावाखाली स्वतःची सही करायचा. मग फुली खोडायची. नोंदीशी सगळं जुळतं, बोभाटा नाही, सासऱ्यांचा मान शाबूत. साडेदहा वर्षं हे चाललं होतं. जो माणूस गिऱ्हाइकाच्या काट्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक खपवून घेत नव्हता, त्याच्या स्वतःच्या कंपनीत एकही सही जागेवर नव्हती.

आणि आज ही अदलाबदल उघडी पडणार होती. घर, वर्कशॉप, पोरांची शाळा, तीनशे दुकानांचे काटे, सगळं त्या एका सहीवर लटकलेलं. आपली म्हणून सासऱ्यांची सही ठोकून द्यायची, एवढंच त्याला सुचलं होतं. सासऱ्यांची वेळ आली की काय करायचं हे अजून सुचलं नव्हतं. त्यांचा हात थरथरतो म्हणून सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. आणि नेमकं आज सासऱ्यांनी फाटकाजवळच्या मशीनमधली कॉफी दोन्ही हातांत एकेक कप धरून, थेंबही न सांडता आणली.

"घ्या. गरम आहे तोवर प्या."

"नको बाबा, आधी आत तर जाऊ."

"मग मीच पितो दोन्ही," सासरे म्हणाले आणि खरंच दोन्ही प्यायले.

फलकावर बावन्न आकडा लागला आणि जावई टेबलासमोर जाऊन बसला. टेबलामागच्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोरच्या माणसाकडे न बघता काम उरकायची सवय त्यांना जुनी असावी. त्यांनी पासपोर्ट घेतला, जन्मतारीख विचारली, काहीतरी टाइप केलं.

"जुनी नोंद सापडली," त्या म्हणाल्या.

जावयानं खिशातलं पेन घट्ट धरलं.

"इथं बघा. हसू नका." फोटो निघाला. "दहाही बोटं, एकेक करून." बोटांना घाम आला होता, दोनदा पुसून पुन्हा ठेवावी लागली. "आता सहा आकडी गुप्त नंबर निवडा. तो कुणालाही सांगायचा नाही, अगदी बायकोलाही नाही." त्यानं कसाबसा नंबर टाकला. बाईंनी पासपोर्ट परत दिला. "झालं. पुढचे कोण?"

"सही?" जावई म्हणाला.

"कसली सही?"

"म्हणजे... सही कुठं करायची?"

"सही लागत नाही."

"पण जुन्या नोंदींशी पडताळणी?"

"झाली की. जन्मतारीख आणि पासपोर्टचा नंबर. जुळलं."

"आणि पुढं कधी... बँकेत वगैरे?"

"बँकेत काय आणि कुठं काय, इथून पुढं कागदावरची सही बंद. फोनवर विचारणा येईल, आपला नंबर टाकायचा. जुने सह्यांचे नमुने आम्ही रद्दच करतोय." बाईंनी पहिल्यांदाच चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "का हो, तुम्हाला सही करायचीच आहे का? हौस असेल तर या कागदावर करा, मी जपून ठेवते."

"नाही नाही! नको!" तो जवळजवळ ओरडलाच. त्याचा जीव असा काही भांड्यात पडला की बाईंचे दोनदा आभार मानून तो उठला. इतक्या वर्षांचं ओझं, आणि ते उतरवणाऱ्या बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

सासऱ्यांचं काम पाच मिनिटांत झालं. गुप्त नंबराची वेळ आली तेव्हा ते सवयीनं जावयाकडे वळले.

"कुठला टाकू हो?"

"अहो, त्यांना काय विचारता?" बाई कडाडल्या. "गुप्त म्हणजे गुप्त! आणि तुम्ही तिकडे तोंड करा बरं जरा."

जावयानं शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं. मागे सासरे एकेक आकडा दाबत होते, तळहाताचा आडोसा करून. कंपनीची एखादी गोष्ट सासरे करताहेत आणि ती आपल्याला माहीत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याला गंमत वाटली.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर दोघं टेकले. जावयाला आता भूक लागली होती, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. सासऱ्यांनी पाय लांब केले आणि मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलो बुवा एकदाचे."

"कशातून, बाबा?"

सासऱ्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "आता झालंच आहे तर सांगून टाकतो. रागावू नका हं, जावईबापू. आपल्या सह्या उलट्या आहेत. पहिल्या दिवसापासून."

जावई त्यांच्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"ऐका हा प्रश्न! काटे तपासायच्या परवान्याचं कार्ड रोज गळ्यात अडकवतो, त्यावर माझं नाव आहे. एवढीही अक्षरं ओळखू येत नाहीत होय मला? पहिल्याच वर्षी कळलं. तुम्ही फुली करायचात, ती तुमच्या नावाखाली. म्हटलं, त्या दिवशी घाईत तुम्ही माझा कागद उचललात, आता निस्तरताय बिचारे. जावयाची चूक काय काढायची? मिठाची गुळणी धरून बसलो."

"मी उचलला?" जावयाला बाकावर बसवेना. "बाबा, कागद तुम्ही उचललात! मी तुमचा मान राखायला म्हणून..."

"मी? माझ्यासमोर जो आला त्यावर केली मी सही."

"माझ्याही समोर आला त्यावरच केली!"

म्हणजे कागद वकिलानंच उलटे सरकवले होते. मग सासऱ्यांच्या पोटातून हसू फुटलं, ते हळूहळू खांद्यांपर्यंत चढलं, आणि जावईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. समोरून जाणारा शिपाई थांबून बघायला लागला. वकिलाच्या नावानं दोघांनी मिळून मनसोक्त शिव्या घातल्या.

"पण मग एवढी वर्षं तुम्ही..." जावई डोळे पुसत म्हणाला.

"मग काय करणार? दर महिन्याला कागद, दर कागदाला तुमच्या नावाखाली माझी सही. मी गेलो तर तुमचं अडणार. गावी माझ्या थोरल्या ताईकडे जायचो ते चार दिवसांत परत. ती म्हणायची, राहा रे दोन महिने, अंगणात खुर्ची टाकून देते. कसा राहणार?"

ते चार दिवस जावयालाही आठवत होते. सासरे पाचव्या दिवशी वर्कशॉपच्या दारात हजर व्हायचे आणि हा मनात म्हणायचा, बघा, आपल्या हाती धंदा चार दिवस सोडवत नाही यांना. दोनदा तर बायकोला बोलूनही दाखवलं होतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

"एकदा तरी बोलायचंत, बाबा."

"बोलणार होतो. आधी पोरीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, बाबा, यांच्याकडे हा विषय काढूच नका, यांना फार लागेल. म्हटलं, बरोबर आहे."

जावयाचा हात रुमालासकट तसाच राहिला.

साडेदहा वर्षांपूर्वी, ती फाइल वाचली त्याच दिवशी, तोही पहिल्यांदा बायकोकडेच गेला होता. ती पोरांचे कपडे घडी करत होती. हातातली घडी न सोडता म्हणाली होती, अहो, बाबांना यातलं काही बोलू नका, त्यांना फार लागेल. किती समजूतदार आहे ही, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. तिचाच होता.

"झालं का हो? किती वेळ लावलात! माझा इथं जीव टांगणीला लागलाय. दोघांचंही झालं?"

"झालं. दोघांचंही झालं."

"देवा रे! सुटले बाई." तिचा श्वास फोनमधून ऐकू आला. "आणि सहीचं काय? पकडलं नाही ना त्यांनी?"

"सही मागितलीच नाही. यापुढंही लागणार नाही म्हणाल्या बाई. प्रत्येकाचा आपापला नंबर. कुणी कुठंही असला तरी चालतं."

ती वर्कशॉपमधूनच बोलत होती. काटे तपासायची प्रमाणवजनं मांडल्याचा खणखणाट इतका वेळ ऐकू येत होता, तो थांबला.

"कुठंही असला तरी?" तिनं हळू विचारलं. "मग आता बाबा जाणार?"

एवढ्यासाठीच तिनं दोघांनाही बोलू दिलं नव्हतं तर! त्याला रागावायचं होतं खरं तर, निदान थोडं तरी. पण राग काही येईना. त्यानं फोन सासऱ्यांपुढे धरला.

"तुम्हाला विचारतेय."

सासऱ्यांनी फोन कानाला लावून तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं वेडे, मग आधीच नाही का सांगायचं, राहा म्हणून?"