चप्पल नको

फिट आली की मला चप्पल हुंगवतात. शुद्धीवर येताना आधी कातड्याचा वास येतो आणि मग भोवतीचे चेहरे दिसतात. हा आजार लागतो असं सगळ्यांना वाटतं, म्हणून सातवीत माझ्या बाकावर मी एकटीच असते.

आई म्हणते, “गप्प राहा. आणखी बोभाटा झाला तर तुला कोण करून घेईल?” पण भिवपुरीच्या डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं होतं. म्हणून सोमवारी मास्तर यायच्या आत मी सरळ फळ्यापुढे उभी राहिले.

“मी पडले की मला कुशीवर वळवा आणि डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. मी आपोआप जागी होते. चप्पल आणायची नाही.”

“मग काय हुंगवायचं गं तुला, सोनचाफा?” पुढच्या बाकावरची सुंदरा म्हणाली. वर्ग हसला. मीही हसले.

गुरुवारी भूगोलाच्या तासाला मी पडले. जाग आली तेव्हा मी कुशीवर होते आणि गालाखाली सुंदराच्या दप्तराची रिकामी पिशवी होती. मास्तर हातात चप्पल घेऊन उभे होते आणि सुंदरा त्यांना अडवत होती. “नको म्हनलीय ती, मास्तर.”

सुटीत मी तिची पिशवी परत दिली. तिनं ती कोपऱ्याला धरून घेतली.

“माझ्या बाकावर येतेस?” मी विचारलं.

“नाय गं. घरी कळलं तर शाळा बंद करतील माजी.”

मी माझ्या बाकावर जाऊन बसले. सवयीनं दुसरीसाठी जागा सोडून कडेला बसले होते, ती आता मधोमध सरकले.