पहिला खाडा

सायकल फाटकाबाहेर, ओट्यापासून पंधरा फुटांवर स्टँडवर उभी होती आणि सर्जेराव ओट्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले होते.

"या, आबा," सीट थोपटत राजकुमार म्हणाला. "पंधरा फूट हाय फक्त. या आन् घ्या."

"इकडं आण की रं. तुझी आई रोज आणती."

"रोज आणती म्हणूनच तुमी चालत नाय."

दारात उभ्या असलेल्या रत्नमालाबाईंनी पायात चप्पल सरकवली.

"आई, तू हलू नको. आपलं ठरलंय."

त्या थांबल्या. ठरले होते ते सर्जेरावांच्या पाठीमागे.

पंधरा फूट म्हणजे किती, हे सर्जेरावांना सांगावे लागत नव्हते. वाळूजच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षे फिटर होते. दोन मशीनमधले अंतर ते नजरेने सांगत आणि नंतर टेप लावली तरी अर्ध्या इंचाचा फरक निघत नसे. कंपवात जडल्यापासून मात्र ओट्यापासून फाटकापर्यंतचे अंतरही त्यांच्या आवाक्यात राहिले नव्हते. पाऊल टाकायचे मनात आले की तळवे फरशीला चिकटत. सकाळ-संध्याकाळ मिळून चार वेळा राजकुमार त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना संडासापर्यंत उचलून नेई. आणि हाच माणूस सायकलवर बसवून दिला की गारखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीच्या मैदानाला सात फेऱ्या मारी, कुठेही न अडखळता.

डॉक्टरीणबाईंनी यामागचे कारण समजावले होते. चालताना प्रत्येक पावलासाठी मेंदूला नवा हुकूम सोडावा लागतो. सायकलवर एक पेडल खाली गेले की दुसऱ्या पायाला ते स्वतःच वर उचलते. सर्जेरावांना हे तत्काळ पटले. सेल्फ बिघडलेली गाडी धक्का मारला की चालू होते, त्यातलाच हा प्रकार. "एकही दिवस चुकवू नका," असे बाईंनी बजावले होते आणि चौदा महिन्यांत त्यांनी तो चुकवला नव्हता. सकाळी सव्वासहाला रत्नमालाबाई सायकल ओट्याला लावून धरत. लेकीच्या कॉलेजच्या वेळची ती लेडीज सायकल होती. मधली दांडी नसल्यामुळे पाय उंच उचलावा लागत नसे. त्या मागून ढकलून देत आणि सातवी फेरी संपली की फाटकापाशी दोन्ही हातांनी हँडल धरून त्यांना थांबवत, कारण थांबून पाय टेकणे त्यांना जमत नसे. या दोन्हींच्या मधली वीस मिनिटे त्यांना कुणीही धरलेले नसे. उरलेला दिवस ते त्या वीस मिनिटांच्या आधारावर काढत.

मागच्या आठवड्यात शेजारचे गोकुळ दूधकेंद्रावर चार माणसांत राजकुमारला म्हणाले होते, "तुझा बाप मैदानात घोड्यावानी पळतोय आन् तू त्याला संडासाला उचलून नेतो व्हय? येडं बनवायलाय तुला."

राजकुमारची कंबर महिनाभर धरलेली होती. पट्टा बांधून तो उस्मानपुऱ्यातल्या दुचाकींच्या शोरूममध्ये दिवसभर उभा राही. डॉक्टरांचे म्हणणे त्याने ऐकले होते. गोकुळांचे म्हणणे त्याला समजले. त्यातच शोरूमने विक्रेत्यांना एका हॉटेलात दिवसभराचे प्रशिक्षण दिले. ध्येय हाताच्या टप्प्यापेक्षा थोडे पुढे ठेवावे, म्हणजे माणूस आपोआप उठतो, असे तिथल्या वक्त्याने पडद्यावर चित्र काढून दाखवले होते.

"पाय उचलत नाय, राजा," सर्जेराव म्हणाले.

"सायकलवर कसा उचलतो मग?"

"ते येगळं हाय."

"काय येगळं? पाय तर तेच हायेत ना?"

याला उत्तर होते. पण ते सांगू लागले की त्यांची जीभ जड होई आणि मुलगा अर्ध्यातच तोंड फिरवी. साडेसहा वाजले. मैदानावर फिरायला आलेली माणसे रेंगाळू लागली. सर्जेराव कठडा धरून उभे राहिले. कठडा संपला तिथे पाय रुतले. काही क्षण ते तसेच डुलत उभे होते. मग हळूहळू खाली बसले आणि त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली होती. पंधरा फुटांना चार मिनिटे लागली. कॅरिअरला धरून, मग सीटला धरून ते उभे राहिले, तेव्हा पायजम्याच्या गुडघ्यावर लाल डाग पडला होता.

"जमलं का नाय?" राजकुमारने सगळे मोबाईलवर टिपले होते आणि त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. "आई, बघ. चौदा महिने आपणच यांना बिघडवलं."

रत्नमालाबाईंनी सायकल ढकलून दिली. सर्जेरावांनी सात फेऱ्या पूर्ण केल्या.

दुपारी जेवताना मोनिका, त्यांची सून, भावकीच्या ग्रुपवर आलेले निरोप वाचून दाखवत होती. राजकुमारने चित्रफितीला गाणे जोडले होते. "मामा, सत्तावीस जणांनी अंगठा दिलाय. पुण्याच्या आत्याबाई म्हणतात, जिद्द असावी तर अशी."

देवगाव रंगारीहून थोरले भाऊ काकासाहेब यांचा फोन आला. "सर्ज्या, लई भारी काम केलंस. तान्ह्या लेकरावानी रांगत व्हतास. आमी सगळ्यांनी दोनदा बघितलं."

"व्हय," सर्जेराव म्हणाले.

जेवणानंतर आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव पायरीवर येऊन बसले, तेव्हा रत्नमालाबाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि त्यांनी गुडघ्यांना काहीतरी बांधायला घेतले. जुन्या गोधडीचे दुहेरी तुकडे होते. कडा दुमडून शिवलेल्या होत्या आणि बांधायला नाड्या लावलेल्या होत्या. माप अचूक होते.

"खडी टोचती नव्हं. काल रगत आलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"अजून दोन कशाला?" त्यांच्या मांडीवरच्या तुकड्यांकडे पाहत सर्जेरावांनी विचारले.

"दोन जोड केलेत. एक धुवायला टाकला तर दुसरा असावा. आता रोज लागतील."

सर्जेरावांनी वर पाहिले. सायकल आज पाण्याच्या टाकीजवळ होती. गोकुळांनी घरून खुर्ची आणली होती. त्यांच्या मागे सात-आठ माणसे उभी होती.

"चाळीस फूट, आबा," राजकुमार तिथून म्हणाला. "उद्या साठ."

"आन् परवा?"

"तुमी चालायला लागेपर्यंत. वाढवतच न्यायचं असतंय."

सर्जेरावांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. "सोड या नाड्या."

"अहो, टोचंल."

"सोड."

त्यांनी सोडल्या. सर्जेराव मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "आज माझा खाडा मांड."

"असं नाय चालायचं, आबा. एका दिवसानं सगळं मोडतंय. डॉक्टरच म्हणल्यात."

"मांड."

एकतीस वर्षांत कारखान्यात त्यांचे सात खाडे झाले होते. त्यातले तीन आईच्या मरणाचे होते. रत्नमालाबाईंना हे ठाऊक होते. त्यांनी मान खाली घातली.

सर्जेरावांनी खालच्या अंगणात हात टेकवले, सायकलीकडे पाठ केली आणि तीन पायऱ्या चढायला सुरुवात केली.

"आबा, इकडं. सायकल इकडं हाय."

"गाडी रिव्हर्समधी पडली वाटतं," गोकुळ म्हणाले आणि मागची माणसे हसली.

राजकुमार पळत आला. त्याने सवयीने बगलेत हात घातला. सर्जेरावांनी खांदा झटकला. एवढा जोर त्यांच्यात उरलेला होता. राजकुमारने बळजबरी केली नाही. वक्त्याने ओढू नका असेही सांगितले होते. तो पुन्हा टाकीजवळ जाऊन उभा राहिला.

तिसरी पायरी, मग उंबरा. आत गेल्यावर सर्जेरावांनी दार लोटले. वरच्या कडीपर्यंत हात पोचणार नव्हता. त्यांनी खालची खिट्टी सरकवली आणि दाराला पाठ टेकून ते फरशीवर बसले. दाराच्या पलीकडे रत्नमालाबाई चारही तुकडे हातात घेऊन ओट्यावरच राहिल्या होत्या. त्यांची सावली खालच्या फटीतून दिसत होती.

बाहेर राजकुमारने सायकलीची घंटी वाजवली. थोडे थांबून पुन्हा वाजवली. "ऐकू येतंय का, आबा? वाट बघायलीये ती," तो म्हणाला, आणि मग ठरावीक अंतराने वाजवतच राहिला.

सर्जेरावांनी तळहात उजेडाकडे धरले. कातडीत कालच्या खडीचा चुरा रुतला होता. थरथरत्या नखांनी ते एकेक कण काढू लागले आणि फरशीच्या जोडावर, एकाला एक चिकटून, सरळ रेषेत ठेवू लागले. एखादा कण रेषेबाहेर गेला, की तो ते पुन्हा जागेवर आणत होते.