सुकन्येची जागा

“ताठ बस की गं मनू, मांडी घालून!” नीलम्माकाकूंनी दरडावलं आणि मला भिंतीला टेकवून डोक्यापासून जमिनीपर्यंत दोरा धरला. उद्या फिजिक्सची टेस्ट, आणि काकूंचं हे भलतंच! मी उमरीहून लातूरला बारावीच्या क्लाससाठी आलेली, त्यांच्याकडे खोली घेऊन राहणारी. म्हटलं, ड्रेस शिवत असतील माझ्यासाठी.

दोरा घेऊन त्या परसात गेल्या. मीही मागोमाग गेले. तिथं त्यांचे यजमान मलप्पाकाका, जन्मभर पाटे-वरवंटे घडवलेला माणूस, छातीएवढ्या काळ्या दगडापुढे छिन्नी-हातोडा घेऊन बसले होते. दगडात मूर्ती नव्हतीच. नुसती पोकळी होती, मांडी घालून बसलेल्या मुलीच्या आकाराची. पण काय देखणी, अगं बाई! गुडघ्यांची गोलाई, बारीक मान, दोन वेण्यांच्या खाचासुद्धा. आत्ताच कुणी उठून गेलंय असं वाटलं.

“कोण हो काकू ही?”

“आमची सुकन्या. अकरा वर्सं झाली, भूकंपात गेली. सहाची व्हती.” काकूंचा आवाज चिरकला. “आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात, पोरी. पर त्या दिशी लई मढी, वरून पाऊस. सगळ्यायला एकाच सरणावर घातलं. माझं लेकरू आडवं करून जाळलं गं!”

“फोटोबी न्हाई राहिला,” काका म्हणाले. “तोंड कसं घडवू? म्हणून बसायला जागा केली. दरसाली तिच्या वयाच्या पोरीचं माप घेतो, तेवढा दगड काढतो. वाढायलीय ती.”

टेस्ट गेली खड्ड्यात.

काकांनी दोरा पोकळीत धरून पाहिला. दगडाच्या वरच्या कडेवर टिचकी मारली, कान लावला. पुन्हा मारली. मग छिन्नी खाली ठेवली.

“का वो?” काकूंनी विचारलं.

“डोक्यावर दोनच बोटं दगड उरलाय. आता घाव घातला की फुटंल.”

मला हुंदका आवरेना. आपण उंच आहोत याचीच लाज वाटली.

मग काकू खाली बसल्या. पोकळीतली दगडाची पूड त्यांनी पदरानं हळूहळू टिपून काढली.

“ऱ्हाऊ द्या मग,” त्या म्हणाल्या. “बारावीपस्तोर तर आणली तुमी.”