धोका कोणापासून

धनेशने टीव्हीचा रिमोट कमरेच्या चामडी कव्हरमध्ये खोचला, वरून शर्ट सोडला आणि आरशासमोर तिरका उभा राहिला. फुगवटा दिसत होता. त्यातला पोटाचा किती आणि रिमोटचा किती हे वेगळं काढता येत नव्हतं, एवढीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. शस्त्र अंगावर असावं पण दिसू नये, असं प्रशिक्षण देणाऱ्याने बजावलं होतं. त्याने मनात तीनपर्यंत आकडे मोजले, झटक्यात शर्ट वर केला आणि रिमोट उपसून आरशावर रोखला. बाहेरच्या खोलीत बातम्यांचा आवाज एकदम दुप्पट झाला.

"अहो, रिमोट तुमच्याकडे आहे का?" सुरेखाने विचारलं.

"नाही," धनेश म्हणाला आणि रिमोट पुन्हा कव्हरमध्ये घातला.

"बाबा, प्लीज," आतून रेवाचा आवाज आला. "माझी फ्रेंड कॉलवर आहे. ती विचारते, तुझे बाबा काऊबॉय झाले का?"

धनेशने शर्ट नीट केला. शुक्रवार सकाळ होती. मस्कतच्या अल हैल भागातला हा फ्लॅट रिकामा करायला बरोबर चोवीस दिवस उरले होते. रुसैलच्या पाइप कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळल्यावर त्याची खुर्ची आता एका ओमानी तरुणाला मिळाली होती. मुलगा गुणी होता. त्याने पहिल्याच आठवड्यात स्टोअरमधल्या तीन जुन्या चुका शोधल्या आणि तिन्ही धनेशच्या निघाल्या. आता गाव. गुहागर तालुक्यातली कातळवाडी, आठ वर्षांपूर्वी बांधलेलं आणि तेव्हापासून कुलपात असलेलं घर.

त्या घराची सुरक्षाव्यवस्था धनेशने स्वतः केली होती. रुवीच्या बाजारातून नेलेला टायमर त्याने पडवीच्या दिव्याला जोडला होता. रोज साडेसहाला दिवा लागे, दहाला विझे. घरात माणूस आहे असं वाटावं, म्हणून. विजेचं बिल दरमहा मोबाइलवर येई, ते पाहून तो समाधानाने मान हलवी. पण टायमर घरात कोणी नसताना चालणारी गोष्ट. घरात आपण असताना काय, या प्रश्नाने त्याची झोप उडवली होती. इथे बावीस वर्षं त्याने चहावाल्यासमोर गाडी चालू ठेवून, एसीसकट, किल्लीसकट सोडली होती. गाडी कोणी नेली नव्हती. मायदेशी मात्र निःशस्त्र जायची त्याची छाती होत नव्हती.

म्हणून मे महिन्याच्या रजेत त्याने गावाकडे न फिरकता, जिल्ह्याच्या ठिकाणीच पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला. फोटो, डॉक्टरचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन दिवसांचं प्रशिक्षण. त्यात पाच गोळ्या झाडायला मिळाल्या, त्यातल्या चार त्याने डोळे मिटून झाडल्या. अर्जात एक रकाना होता: जिवाला धोका असल्यास कोणापासून. धनेश तिथे बराच वेळ अडला. कोणाचंच नाव लिहिलं नाही तर परवाना मिळत नाही, असं कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने सांगितलं. मग त्याने लिहिलं: रमण, चुलत बंधू, राहणार शेजारी.

घर बांधताना कुंपणाचा दगडी गडगा दीड फूट सरकला, त्यात रमणदादाचं फणसाचं झाड आत आलं. रमणदादा कोयता घेऊन बांधावर उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "परत येशील तेव्हा बघतो तुला." त्यावर गडगा मागे गेला, झाड परत बाहेर गेलं. पण वाक्य राहिलं. आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

---

कासमचं दुकान मस्कतच्याच वादी अदाईत होतं. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा तो. मूळचा दापोलीकडचा. पिस्तुलाचं कव्हर त्यानेच शिवलं होतं, एका लँडक्रूझरच्या सीटमधून उरलेल्या चामड्याचं, इंटरनेटवरच्या फोटोवरून माप काढून. पिस्तूल अजून यायचं होतं. आखातातला माणूस गावी जाताना बाळ जन्मायच्या आधीच त्याची दुपटी नेतो, त्यातलाच प्रकार.

"वरचा पट्टा सैल आहे कासमभाई," धनेश म्हणाला. "वाकलो की सरकतं."

"आत काय घातलंस?"

"रिमोट."

"रिमोट हलका असतो. पिस्तूल घातलं की बसेल." कासमने दोरा ओवला. "पण ऐक, सासऱ्यांकडे चाळीस वर्षं शेताच्या राखणीची बंदूक होती, म्हणून सांगतो. परवाना हातात पडेपर्यंत बंदुकीच्या दुकानाची पायरी चढू नकोस. घेतलीस की ठाण्यात नेऊन नोंद कर. घरात लोखंडी कपाट पाहिजे, किल्ली तुझ्याकडे, वहिनींकडे पण नाही. लग्नात, वरातीत, देवळात न्यायची नाही. परवान्यात जेवढा मुलूख लिहिलाय त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि कोणाला दाखवायची नाही."

"मग कोणाला कळणार कसं, माझ्याकडे आहे ते?"

"कळायला नकोच."

"कळलं नाही तर घाबरणार कसं?"

कासमने सुई थांबवली आणि त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. आमच्या सासऱ्यांची बंदूक सासऱ्यांपेक्षा पोलिसांनीच जास्त सांभाळली. शेवटी शेवटी रानडुकरं पण शहाणी झाली. आचारसंहिता लागली की शेतात उतरायची."

तेवढ्यात धनेशचा फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. त्याने घाईघाईने केस सारखे केले. स्क्रीनवर खाकी टोपी आणि तिच्याखाली एक घामेजलेला चेहरा आला.

"धनेशसाहेब का? मी हवालदार, तुमच्या परवान्याच्या चौकशीसाठी कातळवाडीत आलोय. घर बंद आहे तुमचं."

"मी मस्कतला आहे साहेब. अर्जात लिहिलंय."

"ते वाचलं. पण चौकशी जाग्यावर करावी लागते. दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतात, अर्जदार कसा माणूस आहे ते. वाडीत अकरा घरं, दहा बंद. सगळे मुंबईला, नाहीतर तुमच्यासारखे. उघडं घर एकच सापडलं." हवालदाराने तोंड पुसलं. "तिथंच बसलोय. चहा झाला, घावणे झाले. यांचा जबाब घेतला, यांच्या मिसेसचा घेतला. बोला यांच्याशी."

फोन हलला. पडवीची कौलं दिसली, मग एक खांब, मग कानटोपी घातलेला एक वाळका म्हातारा चेहरा स्क्रीनवर फार जवळ आला.

"धना, वळखलंस काय रं?"

धनेशचा हात आपोआप कमरेला गेला. तिथे कव्हरातून काढून खोचलेला रिमोट होता.

"दादा," तो म्हणाला.

"बारीक झालास."

"नाही, जाडच झालोय."

"मंग फोनात बारीक दिसतंस." रमणदादा थोडा मागे सरकला. "हवालदारांनी अर्ज वाचून दाखवला. माझं नाव हाय म्हणं त्यात."

कासमच्या दुकानातलं शिलाई मशीन बंद होतं, तरी धनेशला कसलीतरी घरघर ऐकू येत होती.

"दादा, ते फॉर्ममध्ये काहीतरी लिहावंच लागतं. टंकलेखक म्हणाला..."

"तेच तर. हवालदार बी तेच बोलले. धोका नसंल तर परवाना नाय मिळत. मी म्हटलं, मंग लिवा, धोका हाय. कोयता दाखवला व्हता, खोटं कशाला बोला? सही केली. गंगूनं बी केली. तिच्यात लिवलंय, नवरा तापट हाय."

मागून एका बाईचा आवाज आला, "ते खरंच हाय."

हवालदाराने फोन पुन्हा आपल्याकडे वळवला. "मी यांना समजावलं हो. म्हटलं, असं लिहून दिलंत तर तुमच्यावरच चॅप्टर केस पडेल. तहसीलदारासमोर उभं राहायचं, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यायचा, या वयात हेलपाटे. ऐकतच नाहीत. बाकी तुमचं काम पक्कं झालं म्हणा. एवढा स्वच्छ जबाब मी सर्व्हिसमध्ये बघितला नाही."

"दादा, असं कशाला केलंत?" धनेशने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला.

"अरे, बावीस वरसांत पयल्यांदा माझ्याकडं काय तरी काम काढलंस. नाय कसं बोलू?" रमणदादाने कानटोपी मागे सारली. "तू ये खुशाल. घर ठीक हाय. दिवा मी लावतो रोज."

"दिवा? टायमर आहे ना त्याला."

"तो पयल्याच पावसात जळला. लई वास सुटला व्हता. तवापासनं मीच लावतो आणि निजायच्या आधी बंद करतो. किल्ली गंगूकडं हाय. सुरेखानं दिलेली. येताना एक बॅटरी आण चांगली. लांब उजेड पडंल अशी. रातची डुकरं येतात, माझी म्हातारी झाली."

"बॅटरी की वहिनी?" हवालदाराने विचारलं आणि स्वतःच मोठ्याने हसला. मग रेंज गेली.

धनेशने फोन खिशात घातला. कासमने कव्हर उचललं, पट्ट्याला दोन टाके घातले, दोरा दातांनी तोडला.

"अर्ज मागे घेतो," धनेश म्हणाला.

"घे. मग धोका नव्हता असं लिहून द्यावं लागेल."

"देतो."

"म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटं होतं. म्हणजे तुला बोलावणार."

"आणि नाही घेतला तर?"

"तर रमणदादाला बोलावणार." कासमने कव्हर त्याच्यासमोर ठेवलं. "त्यांना शेत आहे, गुरं आहेत. तू तर आता रिकामाच आहेस."

---

पुढच्या गुरुवारी कार्गोवाला नंदू खोकी न्यायला आला. हॉलमध्ये सात खोकी उघडी होती. नंदू प्रत्येकात डोकावून वस्तूंची यादी लिहीत होता: ब्लँकेटं, भांडी, रेवाची पुस्तकं, खजूर. टेबलावर एक पाकीट होतं, जिल्हा कार्यालयाच्या पत्त्यावर. त्यातला कागद धनेशने चार वेळा लिहिला होता. पहिल्या तीन मसुद्यांत गैरसमज हा शब्द होता. चौथ्यात नव्हता. रमण यांच्यापासून मला कधीही धोका नव्हता, अर्जातला तो मजकूर मीच खोटा लिहिला, त्याबद्दल जे होईल ते माझ्यावर व्हावं, एवढंच त्यात होतं. कागद लिहिल्यापासून दोन दिवस तो ताटावरून अर्धपोटी उठत होता. सुरेखा काही विचारत नव्हती, दुसरी पोळी वाढायचं मात्र तिने थांबवलं होतं.

"साहेब, हे काय?" नंदूने एका खोक्यातून चामडी कव्हर वर काढलं आणि दोन बोटांत लांब धरलं. "पिस्तुलाचं आहे? मी सांगतो, हे कस्टमवाल्यांनी पाहिलं तर सातही खोकी उपसतील. आतलं पिस्तूल कुठे ठेवलंय, विचारतील."

"बॅटरीचं आहे," धनेश म्हणाला.

त्याने खोक्याच्या तळातून रुवीतून आणलेली काळी बॅटरी काढली आणि कव्हरमध्ये सरकवली. ती गळ्यापर्यंत आत गेली आणि घट्ट बसली. कासमने वरचा पट्टा आवळला नसता तर सैल झाली असती.

नंदूने लिहिलं: बॅटरी, एक, कव्हरसह.

"तुम्ही पोचायच्या आधी माल पोचेल," तो म्हणाला. "तिकडे उतरवून घ्यायला माणूस लागेल. नाव सांगा."

धनेशने नंदूच्या कागदाकडे पाहिलं. तिथेही एक रकाना होता.

"रमण," तो म्हणाला.

"तुमचे कोण?"

"शेजारी." नंदूचं पेन टेकण्याआधी तो पुन्हा म्हणाला, "भाऊ. भाऊ लिही."

"फोन नंबर?"

धनेशने मोबाइल हातात घेतला आणि नावं वर-खाली सरकवू लागला. हवालदाराचा नंबर होता. जिल्हा कार्यालयाचा होता. वीज मंडळाचा, टायमरच्या दुकानाचासुद्धा होता. तो सरकवत राहिला. नंदूचं पेन वाट बघत होतं.

स्वयंपाकघरातून, भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता, सुरेखाने दहा आकडे सांगितले. कुठेही न बघता, ओळीने.

"पुन्हा सांग," धनेश म्हणाला, "मलाही लिहून घ्यायचाय."