टूलरूमचं चुंबक

माझी बायको रखमा गेल्याचं मला अंबरनाथला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटवर कळलं. २००६ चा मार्च, सकाळची पाळी. वॉचमन म्हणाला, "बाळाजी, परळच्या हॉस्पिटलातून फोन होता. आधी निघा." पुढचं त्याने सांगितलं नाही.

छातीत गाठ लागली तेव्हा तिने मला सांगितलं होतं. वर म्हणाली होती, "अस्मिताची परीक्षा होऊ दे, मग दाखवू." मीही हो म्हणालो. त्यात पाच महिने गेले.

अस्मिता आमची एकुलती एक. दोन वर्षांनी ती उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. प्रोजेक्टसाठी तिने लोखंडाचे अतिशय बारीक कण बनवले होते. पाण्यात ते शाईसारखे दिसायचे. कणांवर असं काही लावलेलं होतं की ते कॅन्सरच्या पेशींनाच चिकटावेत. मग पेशी चुंबकाने ओढायच्या आणि सेन्सरवर मोजायच्या.

"तुझ्या आईच्या वेळी हे असतं तर?"

"बाबा, हे अजून कुणाच्याच कामाचं नाही. प्रयोग आहे."

एका शुक्रवारी तिने ती बाटली घरी आणली. सोमवारी परळच्या लॅबमध्ये न्यायची होती. "फ्रिजमध्ये राहू द्या. हात लावू नका."

सोमवारी ती आली आणि जेवायला बसली. प्रयोगाचं मी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "पेशंटच्या रक्ताबरोबर तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही तपासतात. मी माझं दिलं. आकडा शून्याजवळ यायला हवा होता. चढला."

मग मला आठवलं. टूलरूममध्ये तेलातला लोखंडाचा चुरा ढवळला जाऊ नये म्हणून आम्ही डब्याखाली चुंबक ठेवतो. दार उघडताना बाटली हलत होती, म्हणून मी तिच्याखालीही ठेवलं होतं. सोमवारी पहाटे काढून घेतलं. तिला ते सांगितलं.

"तीन दिवस?" ती बघतच राहिली. "अहो, कणांच्या गुठळ्या झाल्या असणार, म्हणून आकडा चढला. बाबा, तुम्ही तोफगोळे बनवा, माझा प्रोजेक्ट सोडा." आणि हसली.

काम बिघडवल्याचा एवढा आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. पण पाणी पिताना विचारलं, "आणखी कुणाचं रक्त होतं?"

"मीनलचं." मीनल तिची मैत्रीण.

"कण त्याच बाटलीतले?"

"हो."

"तिचा आकडा?"

ती ताट उचलून मोरीकडे गेली. तिथूनच म्हणाली, "तिचा शून्याजवळच आला. पण एका आकड्यावरून काही ठरत नाही, बाबा."

"मग डॉक्टर ठरवतील. उद्या जाऊ."

"सबमिशन होऊ दे."

मी या वेळी हो म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून परळला गेलो, रांगेत उभा राहिलो आणि तिच्या नावाचा केसपेपर काढला. तो टीव्हीवर ठेवला आहे. येता-जाता ती बघते. काल तिने सबमिशन दिलं.

तपासणी अजून झालेली नाही.