राखलेला नऊ नंबर

आमच्या पोरांचे नंबर बघून परगावचे लोक हसतात. एक्क्याऐंशी, सत्त्याऐंशी, शहाण्णव. एकदा आमच्या गावात खेळायला आलेल्या म्हसळ्याच्या एका शहाण्याने माझ्या दारात येऊन मला विचारलं, "काय हो बाई, हे नंबर हायत की रेशनची टोकनं?" मी म्हटलं, "तुला गोल मोजता येतात ना? तेवढे मोज." त्या दिवशी आम्ही चार मारले, त्यामुळे त्याला मोजायला बरंच काम मिळालं.

क्लबाचं नाव दर्या स्पोर्टिंग, गाव बोर्ली पंचतन. बुद्धवाडीतली सहा आणि मोहल्ल्यातली पाच पोरं कापलेल्या भाताच्या शेतात खेळायला लागली, तोच आमचा क्लब. त्यातला एकजण बोटीवर कामाला निघाला तेव्हा ओरडून म्हणाला, "माझा चार नंबर कुणाला दिलात तर याद राखा!" तेव्हापासून ती रीतच पडली. गाव सोडून कामाला गेलेल्याचा नंबर राखून ठेवायचा. कोण मस्कतला जातो, कोण भांडुपला. सुट्टीवर आला की तोच नंबर घालून, सुटलेलं पोट सांभाळत, पंधरा मिनिटं तरी पळतोच. माणूस मेला तरच नंबर मोकळा होतो.

मी इंदूबाई. शर्ट मी शिवते, पाठीवरचे नंबरही मीच कापून लावते. नऊ नंबर माझ्या नवऱ्याचा, भागोजीचा.

भागोजी कुवेतला गेला तो नजमुद्दीनभाईंच्या ओळखीने. नजमुद्दीनभाई आमचे गोलकीपर, एक नंबर. दोघे एकाच खोलीत राहायचे. नव्वद साली तिकडे लढाई पेटली. लोक मिळेल त्या बसने वाळवंटातून निघाले. दोघांनी गाठलेल्या बसमध्ये एकच जागा उरली होती, ती भागोजीला मिळत होती. परत आल्यावर नजमुद्दीनभाईंनी एकदाच सांगितलं, भागोजी म्हणाला, "तू जा, तुझी आई आजारी हाय. मी मागनं येतो." तो अजून मागनं येतोच आहे. पत्र नाही, प्रेत नाही, सरकारचा कागद नाही. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, आज त्याची मुलगी दीक्षा पंधरा वर्षांची आहे. आणि मी दर वेळी नवे शर्ट शिवताना नऊ नंबरचाही एक शिवते, भागोजीच्या मापाचा. ट्रंकेत अकरा शर्ट आहेत. वेडी म्हणा हवं तर, मला फरक पडत नाही.

गेल्या वर्षी क्लबाने पहिल्यांदा मुलींची टीम काढली. पोरी अशा खेळायला लागल्या की पोरांची तोंडं एवढीशी झाली. दीक्षा गोलकीपर. पुढे नजमुद्दीनभाईंची नात काशिफा, तिच्या पायात चेंडू गेला की परत मागायची सोय नाही. अलिबागला जिल्ह्याची स्पर्धा ठरली आणि नियमांचा कागद आला. अठरा खेळाडू, नंबर एक ते अठरा. इकडेतिकडे चालणार नाही.

झाली का पंचाईत! एक ते अठरामधले सगळे नंबर राखलेले.

मग नजमुद्दीनभाईंनी अंगणात बसून आखातात फोन लावले. स्वतःचा एक नंबर त्यांनी आधीच दीक्षाला देऊन टाकला होता. बाकीच्यांनी आधी कुरकुर केली. मस्कतचा अकरा नंबरवाला म्हणाला, "माझा गुडघा गेला हाय, नंबर न्हाय गेला." मग म्हणाला, "बरं, उसना देतो. पण पोरीला सांगा, कॉर्नर फुकट घालवायचा न्हाय." असे करत सोळा नंबर उसने मिळाले. नऊ राहिला, आणि नंबराविना काशिफा राहिली. भागोजीला फोन कोण लावणार?

नजमुद्दीनभाई माझ्याकडे आले. टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली. मी चहा टाकला. पस्तीस वर्षं मी या माणसाला चहा देतेय, आणि तेवढं एकदा सांगून झाल्यावर कुवेतचं नाव दोघांच्याही तोंडातून निघालेलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "कमिटी म्हणते, आता नऊ नंबर मोकळा करावा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "म्हणजे भागोजी मेला म्हणून मी सही करू? तुम्ही पाहिलात का मेलेला?"

"नाही पाहिला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले. "तीच तर माझी सजा आहे, वहिनी. ती जागा त्याची होती."

इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस सुखाने परत आला. तो तर त्या बसमधून अजून उतरलाच नव्हता. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला.

तेवढ्यात काशिफा आली. दारातूनच म्हणाली, "आजी, भांडू नका. मी नाही खेळत. सतरा जणी जाऊ देत. नऊ नंबर तुमचाच राहू दे."

तिच्या आवाजात रडं होतं, पण चेहरा ताठ. आता मात्र मी खरी भडकले. "न्हाय खेळत म्हणजे? भागोजी एकशे दोन ताप अंगात घेऊन श्रीवर्धनला खेळला होता, माझ्या शपथेलाही भीक न घालता! त्याच्या नंबरापायी कुणी घरी बसलं हे त्याला कळलं ना, तर कुवेतहून चालत येऊन तो माझाच गळा धरेल!"

बोलले आणि माझं मलाच कळलं. पस्तीस वर्षं मी त्याच्या नंबराला घरी बसवलं होतं.

ट्रंक उघडली. वरचा शर्ट काढला. "इकडे ये, उभी राहा सरळ." कात्री लावली. खांदा दोन इंच आत घेतला, लांबी चार इंच कमी केली. नजमुद्दीनभाईंना म्हटलं, "मोकळा करत न्हाय. भागोजीच्या वतीने मी उसना देतेय. लिहा तसं कमिटीच्या वहीत. आणि ती जागा त्याने तुम्हाला दिली होती, तुम्ही चोरली न्हाय. आता चहा घ्या, निम्मा उरलाय."

त्यांनी तो चहा उभ्यानेच घेतला आणि रडले.

अलिबागला मी पस्तीस वर्षांनी मैदानावर गेले. सेमीफायनलला हरलो, दोन-एक. तो एक काशिफाचा. ती चेंडू घेऊन सुटली तेव्हा मी उठून ओरडले, "पळ, नऊ नंबर, पळ!" लग्नानंतर ओरडायचे तश्शी. शेजारच्या बाया बघत राहिल्या. बघा म्हटलं.

जूनमध्ये काशिफाला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी ती शर्ट धुऊन, इस्त्री करून घेऊन आली.

"परत करायला आलीस?" मी विचारलं. उसना दिलेला, परत येणारच होता. तरी घ्यायला मी हात पुढे केला नाही.

"परत कशाला? मी गाव सोडून चालले ना, आजी?" ती म्हणाली. "मग रीतीप्रमाणे राखून ठेवा. भागोजीआजोबांचा आणि माझा. आणि हा अंगाला बरोबर बसतो, पुन्हा उसवू नका."

तो शर्ट मी ट्रंकेत ठेवला नाही. मशीनच्या वर खुंटीला लावला. दिवाळीच्या सुट्टीत मॅच होती. सकाळी साडेआठला दारात एसटीतून उतरलेली पोर उभी, पाठीवर भलीमोठी बॅग.

"आजी, माझा नंबर कुठाय?"

पस्तीस वर्षं नऊ नंबर राखला, आणि तो मागायला कुणीतरी आलं. मी खुंटीवरून शर्ट काढून तिच्या हातात दिला.