दाराबाहेर कोण होतं?

चित्रपट संपताना गुप्तहेर दार उघडतो, बाहेरच्या कुणाकडे तरी बघून हसतो आणि पडदा काळा होतो. खुनी कोण, ते कळतच नाही. समीक्षकांनी या शेवटावर रकानेच्या रकाने लिहिले. 'प्रेक्षकांच्या बुद्धीवर सोडलेला शेवट' म्हणे! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिग्दर्शक म्हणजे माझे धाकटे दीर, भावजी. त्यांना शेवट ठाऊकच नव्हता, एवढीच त्यातली कला.

गोष्ट माझी होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचे पाय चेपताना मी ती रचून सांगायचे. भावजी पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसायचे. एकदा सासूबाई हट्टालाच पेटल्या, खुनी कोण ते आत्ताच सांग. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या गालातल्या गालात हसल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या आणि गोष्ट तिथेच राहिली.

वर्षभराने पडद्यावर 'कथा' म्हणून भावजींचं नाव झळकलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, घरातच राहिलं." मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. माझी गोष्ट माझी आहे, हे चारचौघांत त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

एका खेळानंतर भावजी प्रेक्षकांशी बोलणार होते. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. एकाने विचारलं, मेलेल्या माणसाची बहीण लंगडते, पण तिची काठी मध्येच डाव्या हातातून उजव्या हातात कशी जाते?

भावजी ओशाळले. "चित्रीकरणातली चूक आहे. माफ करा."

काठीचं मी सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं, का ते न कळता. मी माइक मागून घेतला.

"चूक नाही ती," मी म्हटलं. "खरंच लंगडणारी बाई काठीचा हात विसरत नाही. ही विसरते, कारण हिचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. जिना चढून भावाला हिनेच मारलं. शेवटी दाराबाहेर हीच उभी आहे, काठीशिवाय."

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा निखळ आनंद होता, आणि त्या भरात ते कुठे बसलेत हेच विसरले.

"वहिनी," ते माइकमध्येच म्हणाले, "आईच्या कानात हेच सांगितलं होतंत का?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मला फार बरं वाटलं.